दोन पट्ट्यांच्या मधला सूर

वस्तू हातात आली की तिच्यात सुधारणा करायची, हा माझा धर्म. पेणला रामवाडीत हायवेच्या कडेला माझं दुकान आहे, महिपती साउंड सर्व्हिस. लग्न, पूजा, गणपती, निवडणूक, सगळीकडे माझेच कर्णे. माझ्याकडे दुरुस्तीला आलेला एकही अँप्लिफायर कंपनीने बनवला तसा परत गेलेला नाही. काही परत गेलेच नाहीत, पण ते जाऊ दे. सांगायचं आहे ते जगनबद्दल. या माणसाने मला वर्षानुवर्षं हातावर हात ठेवून बसवलं.

जगन धरमतरच्या खाडीकडचा. बाप मिठागरात राबला, हाही मिठाच्या टोपल्या वाहतच मोठा झाला आणि मग रोह्याला कंपनीत चिकटला. शिफ्ट सुटली की एसटी धरून पेण, आणि पेणहून जिथे ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम असेल तिथे. आमच्या ऑर्केस्ट्रात तो बास गिटार वाजवायचा. बास म्हणजे चार जाड तारांची ती गिटार, जी कानापेक्षा बरगड्यांत जास्त कळते. नाचणाऱ्यांना वाटतं आपण ढोलकीवर नाचतोय. बासवाल्याचं नाव विचारा, एकालाही सांगता येणार नाही. जगनला त्याचं काही नव्हतं. तो स्टेजवर सगळ्यात मागे उभा राहायचा आणि खाली बघून वाजवायचा.

त्याची गिटार जपानी होती. पंच्याऐंशी-शहाऐंशीच्या सुमारास, ऑर्केस्ट्राला सोन्याचे दिवस होते तेव्हा, मुंबईच्या एका गोवेकर वादकाकडून त्याने ती घेतली. म्हातारा धंदा सोडून गावी निघाला होता. देताना जगनला म्हणाला, "हिला कुणाचा हात लागू देऊ नकोस. आहे तशी ठेव, जन्मभर साथ देईल." झालं. जगनने ते बोलणं देवाने कौल द्यावा तसं धरून ठेवलं.

आता त्या गिटारीत दोष नव्हते असं नाही. खाडीच्या हवेने स्क्रू गंजलेले. शेजारी ट्यूबलाइट लागली की हिची गुणगुण सुरू. तारांचा आवाज उचलणारं चुंबक, ज्याला पिकअप म्हणतात, ते पार थकलेलं. मी दर दिवाळीला सांगायचो, "जगन, नवा पिकअप टाकतो, आतून तांब्याचा पत्रा लावतो, बॅटरीचं सर्किट बसवतो. वाघासारखी बोलेल." तो म्हणायचा, "ऱ्हाऊ दे दादा. बरी हाय." पालथ्या घड्यावर पाणी.

उलट रोह्याचा हैबतराव बघा. तो दुसऱ्या पार्टीत बास वाजवायचा आणि सुधारणेला कधी नाही म्हणायचा नाही. त्याच्या गिटारीवर मी हौस भागवून घेतली. पिकअप नवे, तारा नव्या, वर बटणंच बटणं. त्यातल्या एका बटणाला काहीच काम नव्हतं, पण शोभायचं छान. मग हैबतरावने ती जोह्याला मूर्तींच्या कारखान्यात नेली आणि गणपतीच्या पितांबराचा पिवळा रंग मारून आणली, कडेने जरीचा काठ. आवाज असा की मांडवाचे बांबू थरथरावेत. वजनही असं की दोन गाणी झाली की हैबतराव खुर्ची मागायचा. नाकापेक्षा मोती जड. तरी मी ती दाखवून जगनला खिजवायचो. जगन तिच्यावरून हात फिरवायचा आणि म्हणायचा, "झ्याक केलीस दादा. पन पयली कशी बोलायची, ते आता कुनाला ठावं हाय?" माझं डोकंच फिरायचं. पहिली कशी बोलायची ते कुणाला हवंय?

पण या जगनच्याही मनात एक सुधारणा होती आणि ती माझ्या सगळ्या सुधारणांपेक्षा भारी होती. ती त्याच्या आईपायी होती.

आई गोदूबाई ही धवलारीण. आमच्या खाडीकडच्या लग्नांत भटजीइतकाच मान धवलारणीला असतो. मांडवापासून प्रत्येक विधीला तिने तिचा धवला म्हणायचा, म्हणजे त्या विधीचं गाणं. ते झाल्याशिवाय नवरीला हळदीचं बोट लागत नाही. पेटी नाही, ढोलकी नाही, नुसता गळा. मी एकदा मोठ्या प्रेमाने तिच्यापुढे माइक ठेवला, तर तिने तो उचलून पायरीवर ठेवला आणि त्या जागी पानाचं तबक मांडलं. मी तेव्हा रागावलो होतो. पण तिचा आवाज खरंच माइकवाचून वेशीपर्यंत जायचा.

जगन लहानपणी तिच्या पदराला धरून मांडव-मांडव फिरला. त्या सुराचं त्याला वेड होतं. पुरुषाने धवला म्हणायचा नाही, तशी रीतच नाही. मग त्याने मनाशी धरलं, म्हणायचा नाही तर नाही, आईच्या शेजारी बसून एकदा वाजवायचा. आयुष्यात त्याने एवढी एकच गोष्ट मागितली. घर मागितलं नाही, बढती मागितली नाही. हे त्याने मला सांगितलं तेव्हा मी हसलो. तो हसला नाही.

अडचण गिटारीची होती. तिच्या मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात. बोट कुठेही दाबा, सूर पट्टीवरच येऊन थांबतो, पेटीसारखा. गोदूबाईचा सूर असा थांबायचा नाही. तो एकीकडून निघायचा, घसरत जायचा आणि मध्येच कुठेतरी, जिथे पेटीला जागाच नाही तिथे, बसून राहायचा. जगनला ती जागा कानाने पाठ होती, पण बोटाला मिळत नव्हती. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी तो तार ताणताणून बघायचा. बासची तार ती, ताणून ताणून किती ताणणार? "दोन पट्ट्यांच्या मधी हाय दादा," तो म्हणायचा. "दिसते मना. पन तिथं जाताच येत नाय."

"मग पट्ट्या काढून टाकू की," मी लगेच पकड शोधायला लागायचो. "बिनपट्टीच्या बास असतात जगात."

तो गिटार मागे ओढून घ्यायचा. म्हाताऱ्याचा शब्द होता. शिवाय पट्ट्या काढल्या की नाचाची गाणी तासन् तास सुरात वाजवणं म्हणजे तारेवरची कसरत. बोट केसभर सरकलं की बेसूर. ऑर्केस्ट्रावाले दुसऱ्या दिवशी नारळ देतील, हे त्यालाही कळत होतं. आणि आईचंही पालुपद ठरलेलं, "धवल्याला वाजाप नसतं रे बाबा." असं करत करत वर्षं निघून गेली. गोदूबाईचा गळा खणखणीत होता. घाई काय, असं त्याला वाटायचं. मलाही तसंच वाटायचं.

मग जगनच्या मुलीचं, शकूचं, लग्न ठरलं. त्याच सुमारास गोदूबाई शेजारच्या गावच्या एका लग्नात एकाच कडव्यावर अडकली. तेच कडवं म्हणते, थांबते, पुन्हा तेच. बायकांनी पालुपद म्हणत कसंबसं सावरून घेतलं. पुढे ती चुलीवर भात ठेवून विसरायला लागली. एक दिवस सुनेला, म्हणजे जगनच्या बायकोला, रंभाला विचारलं, "तू कोनाची गो?" रंभा मागच्या दारी जाऊन रडली.

दुसऱ्या दिवशी जगन गिटार घेऊन माझ्या दुकानात आला. काउंटरवर आडवी ठेवली आणि म्हणाला, "दादा, पट्ट्या काढ."

इतकी वर्षं मी त्या गिटारीला हात लावायला टपलेला. आणि आता माझाच हात पुढे होईना. मी त्याच्यावर ओरडलो. "येडा झालास काय? पिकअप बदलला तर जुना परत बसवता येतो. बटण बदलता येतं. ही मान एकदा खरवडली की गेली. मग ती त्या म्हाताऱ्याची गिटार राहणार नाही."

"नाय ऱ्हाणार."

"ऑर्केस्ट्रा सुटेल."

"सुटंल."

"आणि म्हाताऱ्याला शब्द दिलेला?"

"त्याला आयस व्हती का नाय, ते इचारायचं ऱ्हायलं," जगन म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "माझी आयस हाय अजून दादा. थोडी हाय."

दुकानाचं शटर अर्धं ओढलं, सोल्डरिंगची सळई गरम केली आणि एकेका पट्टीला शेक देऊन ती पकडीने वर घेतली. लाकडाचा टवका उडू नये म्हणून श्वास धरून काम केलं. राहिलेल्या खाचांत सुताराकडची पातळ चिपाटं गोंद लावून बसवली, वरून पॉलिश पेपर मारला. जगन शेजारी उभा होता. आपल्या माणसाचं ऑपरेशन चाललेलं बघावं तसा उभा होता. तारा चढवून मी गिटार त्याच्या हातात दिली. त्याने एक सूर दाबला आणि बोट हळूच खाली ओढलं. सूर घसरत गेला आणि मध्ये कुठेतरी बसला. जगनने डोळे मिटले. मी त्याला चहा सांगायला बाहेर पडलो.

आईला राजी करायला त्याला फार बोलावं लागलं नाही. रीतीचा आग्रहही ती विसरत चालली होती, की त्याच्या मनातलं तिला कळलं होतं, देव जाणे. "बस बाजूला," ती म्हणाली. "पन माझ्या फुडं जाऊ नको."

हळदीच्या दिवशी मांडवात शकू पाटावर बसली. शेजारी गोदूबाई, तिच्या मागे साथीला गावच्या बायका, आणि बाजूला चटईवर जगन. मी त्याच्या गिटारीला छोटा स्पीकर लावून दिला होता आणि आयुष्यात पहिल्यांदा आवाज कमी ठेवला होता. गोदूबाईने सुरुवात केली. जगन तिच्या एक पाऊल मागून निघाला. ती घसरली तिथे तो घसरला, ती थांबली तिथे थांबला. मला गाण्यातलं काही कळत नाही, मला आवाजातलं कळतं. पण तो म्हातारा गळा आणि ती जाड तार एकमेकांना अशी धरून चालली होती की मांडवात भांड्याचाही आवाज होईना. जगनच्या चेहऱ्यावर मी इतकं सुख कधी बघितलं नव्हतं.

आणि तिसऱ्या कडव्याच्या तोंडाशी गोदूबाई थांबली.

जगनने ती ओळ पुन्हा वाजवली, तिला बोलवावं तशी. ती ऐकत राहिली. त्याने परत वाजवली. गोदूबाईने त्याच्याकडे बघितलं आणि लहान मुलीसारखी म्हणाली, "सूर बराबर हाय रे. पन शब्द कुठं गेलं?"

शब्द कुणालाच ठाऊक नव्हते. साथीच्या बायकांना पालुपद तेवढं येत होतं. दुसऱ्या गावच्या धवलारणीचा धवला वेगळा. आणि जगनने जन्मभर तो ऐकला, पण शब्दांकडे कधी कान दिला नाही. बाईमाणसाचं गाणं, आपल्याला म्हणायचंच नाही, तर शब्द कशाला? सुराची एकेक जागा त्याने जपली होती आणि शब्द सगळेच्या सगळे एका म्हाताऱ्या बाईच्या डोक्यात राहिले होते. तो तिच्याकडे बघत बसला. शेवटी बायकांनी पालुपदच तीनदा म्हटलं आणि शकूला हळद लावली. मुहूर्त काही थांबत नाही.

ऑर्केस्ट्रा सुटला, ठरल्यासारखा. जगनने दुसरी गिटार घेतली नाही. कंपनीतून आला की पडवीत आईसमोर बसायचा आणि तो धवला वाजवायचा. ओळ वाजवून थांबायचा, आईच्या तोंडाकडे बघायचा, पुढची वाजवायचा. कधी तरी एखादा शब्द येईल, या आशेवर. शब्द आला नाही. शकू माहेरपणाला आली की तीही शेजारी बसून वाट बघायची.

मागच्या शिमग्याला मी त्याच्याकडे गेलो होतो. जगन वाजवत होता आणि गोदूबाई खांबाला टेकून ऐकत होती. त्याचा धवला संपला तेव्हा तिने त्याला नीट न्याहाळलं.

"कोनाचा रे तू?"

"इथलाच," जगन म्हणाला.

"ह्यो धवला तुला कोनी शिकवला?"

"आयशीनं."

गोदूबाईने मान हलवली. तिला पटलं होतं. "बरी गाते तुझी आयस," ती म्हणाली. "पन शेवटाला घाई करते. तिला सांग, मी सांगितलंय म्हनून."

"सांगतो," जगन म्हणाला, आणि शेवट पुन्हा एकदा, सावकाश, वाजवायला लागला.