गुऱ्हाळातला वॉर्ड

नाथाजी सूर्यवंशी पंधरा वर्षं फौजेत होता, पण त्यानं एकही गोळी झाडली नाही. तो मिलिटरी हॉस्पिटलात नर्सिंग शिपाई होता. पासष्टच्या लढाईत किती जणांच्या जखमा बांधल्या हे तो सांगायचा नाही. कुणी कुणी बेडपॅन फेकून मारलं ते मात्र नावागावासकट सांगायचा. पेन्शन घेऊन तो आष्ट्याला परत आला, तेव्हा थोरला भाऊ तात्याबा ऊस आणि गुऱ्हाळ बघत होता, आणि नाथाजीनं बघावं असं काही शिल्लक नव्हतं. बायको आधीच वारली होती. रोज सकाळी दाढी करून, बूट चढवून तो बांधावर उभा राहायचा. गावातले लोक म्हणायचे, नाथाजी उसाची परेड घेतोय.

मी तेव्हा सांगलीच्या एका दवाखान्यात रेकॉर्डचा कारकून होतो. दवाखान्याचं नाव सांगत नाही. सांगितलं तर असा कारकून आमच्याकडे नव्हताच म्हणून ते लेखी कळवतील. पेशंटचं नाव, गाव, आजार आणि डिस्चार्जची तारीख लिहायची, हे माझं काम. डिस्चार्जची तारीख पडली की आमच्या लेखी माणूस बरा झाला. फाटकाबाहेर करंजाचं एक मोठं झाड होतं. बऱ्या झालेल्यांपैकी ज्यांना जायला घर नसे, ते त्या झाडाखाली बसत. त्यातले काही आठवडाभरात पुन्हा आत यायचे, आणि मी त्यांना नवा नंबर द्यायचो. जुना नंबर शोधायला वेळ लागतो.

त्र्याहत्तर साली दसऱ्याच्या सुमारास नाथाजी तात्याबाच्या बोटाचे टाके काढायला त्याला घेऊन आला. झाडाखाली धुळा बसला होता. धुळा माण तालुक्यातला मेंढका. आदल्या वर्षीच्या दुष्काळात मेंढरं गेली, मागे कुणी राहिलं नाही, तेव्हा हा खडी फोडत फोडत सांगलीला आला आणि हळदीच्या पेठेत हमाली करू लागला. पोत्यांची थप्पी डाव्या पायावर कोसळली. आम्ही मांडीपर्यंत प्लास्टर घालून दिलं. दहा आठवडे पाय टेकायचा नाही, हाड सरकून आत पू झाला तर पाय कापावा लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. झोपायला त्याला पेठेतला एक कट्टा होता. पाय न टेकता कट्ट्यापर्यंत कसं जायचं, ते कुणी सांगितलं नव्हतं.

नाथाजी माझ्या खिडकीशी आला.

"भाऊसाहेब, झाडाखालचा त्यो गडी कुटल्या वॉर्डातला?"

"कुठल्याच नाही. सकाळी डिस्चार्ज झालाय."

"डिस्चार्ज म्हंजी घरी. घर कुटं हाय त्येचं?"

मी रजिस्टर उघडलं. पत्त्याच्या रकान्यात माझ्याच अक्षरात 'नाही' लिहिलं होतं. तेवढं वाचून दाखवलं.

"मग डिस्चार्ज कुटं दिला?"

मला राग आला. एका शिपायानं येऊन मला माझं काम शिकवावं, हे बरोबर नव्हतं. कॉट रिकाम्या कराव्या लागतात, असं मी त्याला ठणकावून सांगितलं. तो शांतपणे ऐकत होता, म्हणून मी आणखी मोठ्यानं सांगितलं. अर्ध्या तासानं बघतो तर धुळा त्यांच्या बैलगाडीत, पाय कडब्यावर लांब करून पडलेला, आणि तात्याबा दाढ दुखत असल्यासारखं तोंड करून गाडी हाकतोय.

गुऱ्हाळ काही वर्षभर चालत नाही. पावसाळाभर तो मोठा गोठ्यासारखा मांडव रिकामाच असतो, आणि त्यात उंदीर राहतात. नाथाजीनं उंदीर हाकलले, भिंतींना चुना दिला, जमिनीवर पाचटाच्या जाड गाद्या घातल्या आणि दारावर कोळशानं 'वॉर्ड नं. १' लिहिलं. दोन नंबर कुठंच नव्हता. पंधरवड्यात झाडाखालचे आणखी दोघे तिथं आले. एक मनुबाई, मोतीबिंदू काढलेली म्हातारी, डोळ्यांवर हिरवं फडकं. दुसरा केरू, अंतर्गळाचं ऑपरेशन झालेला हमाल. मनुबाईनं वाकायचं नाही, केरूनं उचलायचं नाही आणि धुळानं पाय टेकायचा नाही. तिघं मिळून एक धड माणूस होत होता. नाथाजी सकाळ-संध्याकाळ त्यांचा ताप मोजून पाटीवर लिहायचा आणि कामं वाटून द्यायचा. लसूण सोलणं ही लाईट ड्यूटी होती. मनुबाईनं पहिल्याच दिवशी त्या ड्यूटीविरुद्ध तक्रार केली.

दिवाळी जवळ आली तसा तात्याबा दारात येऊन उभा राहिला.

"पाडवा झाला की चुलवाण पेटणार. तवर तुजी पलटण हलीव."

नाथाजी पाटीवर ताप लिहीत राहिला. मांडव भावाचा होता.

पण झालं असं, की गुऱ्हाळाच्या भट्टीत, म्हणजे चुलवाणात, चिपाडं सारणारा गडी ऐन वेळी साखर कारखान्यावर निघून गेला. ते काम बसून करायचं असतं. तात्याबानं एक दिवस दुसरा माणूस शोधला, दुसऱ्या दिवशी बराच वेळ धुळाकडं बघितलं, आणि तिसऱ्या दिवशी धुळा चुलवाणाच्या काठाला, प्लास्टरचा पाय लांब करून, काठीनं चिपाडं आत सारू लागला. केरू हिशेबानं अर्ध्या अर्ध्या कवळ्यानं चिपाडं आणून द्यायचा. मनुबाई दारात बसून कुत्री हाकायची, निदान कुत्री असतील तिकडं ओरडायची.

"प्लास्टर निघंपतूर ऱ्हाऊ दे," तात्याबा भावाला म्हणाला. "ते निघालं की ह्येनं निघायचं."

हे तो धुळाच्या डोक्यावरून बोलला. नाथाजीनं त्याला अडवलं नाही. पुढे त्यानंच मला हे सांगितलं, आणि सांगताना बुटाकडं बघत होता.

आमच्या भागात गुऱ्हाळाची एक रीत आहे. आल्यागेल्याला रस, काकवी, गरम गूळ, पोट भरेल तेवढं द्यायचं. नाही म्हणायचं नाही. मात्र कुणी बांधून न्यायचं नाही. मागून नेलं तरी गुळव्याचा अपमान होतो आणि चोरून नेलं तर अख्ख्या गावाचा. धुळा रोज आपल्या वाट्याचा गूळ घ्यायचा आणि पाठमोरा होऊन खायचा. लाजतोय, असं सगळ्यांना वाटलं.

डिसेंबरात त्याच्या पायाला आग सुटली. प्लास्टरच्या आत काहीतरी चालतंय, असं तो सांगू लागला. नाथाजीनं गुडघे टेकून वास घेतला. आंबूस वास येत होता. लढाईत त्यानं प्लास्टरच्या आत अळ्या पडलेले पाय बघितले होते, आणि त्यांचं पुढे काय झालं तेही बघितलं होतं. चालू आधण, म्हणजे कढईतला उकळता रस, तसाच टाकून तात्याबानं स्वतः बैल जुपले. आधण टाकून तो बापाच्या मयतालाही उठला नव्हता, असं गावात सांगतात.

पाय कापायचा तर संमतीच्या कागदावर नातेवाइकाची सही लागते. म्हणून मला ड्रेसिंगच्या खोलीत बोलावलं. धुळा टेबलावर आडवा होता.

"नातेवाईक कोण?" मी विचारलं.

नाथाजीनं माझ्या हातातलं पेन घेतलं आणि सही केली. नात्याचा रकाना मोकळा सोडला. मी बोट दाखवलं तर म्हणाला, "तुमी लिवा कायबी. रिकाम्या जागी तुमी लिवताच की."

हे मला लागलं. लागायलाच हवं होतं. मी 'चुलता' लिहिलं.

डॉक्टरांनी मांडीकडून प्लास्टर कापायला घेतलं. वीतभर उघडलं आणि आतून लाल मुंग्यांची रांग निघाली. मागोमाग चिंधीची एक पुरचुंडी निघाली, मग दुसरी, मग तिसरी. पाय वाळला की प्लास्टर वरून सैल होतं, त्या फटीत कोंबलेल्या. चुलवाणाच्या आचेनं आतला गूळ पाघळून नडगीपर्यंत उतरला होता. पायाला जागोजाग चावे होते, कातडी सोललेली होती. पू नव्हता. हाड जुळलं होतं. डॉक्टरांनी दोनदा दाबून बघितलं आणि कात्री खाली ठेवली. माझ्या हातातला कागद कुणी मागितला नाही.

नाथाजीनं एक पुरचुंडी उचलली. म्हणाला, "का रं धुळा?"

धुळानं तोंड फिरवलं. "प्लास्टर निघालं की जायाचं हुतं न्हवं. वाटंला लागंल म्हून ठिवला."

"आरं, पर पायात?"

"मला दुसरी जागा कुटं हाय ठिवायला?"

मी अकरा वर्षं त्या दवाखान्यात होतो, शेकडो माणसांच्या नावापुढं 'नाही' लिहिलं होतं, आणि त्या खोलीत उभा राहून मला लाज वाटली.

तात्याबानं खिशातून पानाची चंची काढली, परत ठेवली. मग धुळाकडं न बघता म्हणाला, "गूळ पायात ठिवत्यात व्हय? कोनाडा कशाला हाय मांडवात?"

"कोनाडा कुनाचा?"

"तुजा," तात्याबा म्हणाला. "डाव्या हाताचा. चल आता, आधण नासलं तिकडं."

मी खिडकीशी परत आलो, रजिस्टरमधला 'नाही' खोडला आणि लिहिलं: सूर्यवंशी यांचं गुऱ्हाळ, आष्टा. खाडाखोड केल्याबद्दल वरिष्ठांनी विचारलं, तेव्हा पेशंटचा पत्ता बदलल्याचं सांगितलं. त्यानंतर झाडाखाली कुणी बसलं की मी आष्ट्याला कार्ड टाकायचो आणि दोन दिवसांत गाडी यायची. मनुबाईला तिचा भाचा घेऊन गेला, पण नाथाजी आधी त्याचं घर बघून आला आणि छपराबद्दल चार शब्द सुनावून आला. घर बघितल्याशिवाय तो कुणालाही डिस्चार्ज द्यायचा नाही. पेरणीपासून पाडव्यापर्यंत वॉर्ड भरलेला असायचा, आणि हंगामात कोपऱ्यातल्या दोन गाद्या तात्याबानं कधी काढायला लावल्या नाहीत. गाद्यांमुळं वाट अडते म्हणून तो शिव्या मात्र रोज घालायचा.

अठ्ठ्याहत्तर साली मी तिकडं गेलो. नाथाजी थकला होता, पण दाढी केलेली होती. धुळा किंचित लंगडत चिपाडं सारत होता. डाव्या हाताच्या कोनाड्यात मूठभर गूळ होता, काळा पडलेला, मुंग्यांनी भरलेला.

"हा खात का नाहीस?" मी विचारलं.

"असू दे की," धुळा म्हणाला. "मला कुटं जायाचं हाय?"