विहीणबाईंच्या खांद्यावर पाय

लेकीच्या लग्नाला वर्ष व्हायच्या आत तिच्या आणि जावईबापूंच्या लक्षात आलं, की त्यांच्या आया एकमेकींशी बोलत नाहीत. अगदीच बोलत नाही असं नव्हतं. सणासुदीला फोन व्हायचा. "बरं हाय का?" "बरं हाय. तुमचं?" "आमचंबी बरं हाय." एवढं झालं, की दोन्हीकडून फोन ठेवायची घाई. मला यात काही वावगं दिसत नव्हतं. विहिणींनी याहून जास्त बोलावं असं कुठं ठरलेलं आहे? पण पोरं पुण्यात राहतात, आणि पुण्यात नात्यांचं सारखं काहीतरी करावं लागतं. नुसती ठेवून भागत नाही.

मग त्यांनी आमच्यावर उपाय शोधला. लहान गट, सोबत गाइड, आणि डोंगरात तीन दिवस चालायची सुट्टी.

"चालायची सुट्टी म्हणजे?" मी लेकीला विचारलं. "चालण्याला सुट्टी, का सुट्टीत चालायचं?"

"आई, प्लीज," ती म्हणाली. म्हणजे सुट्टीत चालायचं.

कडेगावात मी जन्मभर घर ते मळा आणि मळा ते घर चालत आले. त्याला सुट्टी म्हणतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्या आठवड्यात ऊसतोडीची टोळी यायची होती. वाटलं, तेवढ्या कारणानं सुटेन. पण नवरा "जा की, मी बघतो हितलं" असं इतक्या चटकन म्हणाला, की माझीच काळजी वाढली.

विहीणबाई साताऱ्याच्या. व्याही सुभेदार होऊन फौजेतून रिटायर झालेले. घरात नळ गळला तरी 'रिपोर्ट' मागणारे. त्यांच्यामागं विहीणबाई देशभरच्या छावण्यांत राहून आलेल्या. त्यामुळं त्यांना सगळ्यातलं थोडंथोडं कळतं, आणि जे कळतं ते त्या सांगतात. लग्नातला मठ्ठा आंबट होता, हेही त्यांनीच सांगितलं. मला नव्हे, माझ्या नणंदेला. फक्त मला ऐकू जाईल अशा आवाजात.

सातारच्या स्टँडवर आम्ही भेटलो. पोरांनी दोघींना एकाच रंगाची ट्रॅकपँट धाडली होती. मी ती कुडत्याखाली घातली. विहीणबाईंनी खालून पँट आणि वरून साडी असा दोन्हीकडचा मान राखला होता. एकमेकींकडं आम्ही पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि काहीच पाहिलं नाही असं दाखवलं.

गटात आम्हा दोघींखेरीज पुण्याचं एक जोडपं होतं. त्यातला नवरा हातातल्या घड्याळाशी बोलायचा. बायको त्याच्याशी फारशी बोलत नव्हती, तेव्हा घड्याळाचा आधार असावा. गाइड म्हणजे कॉम्प्युटरची नोकरी सोडून डोंगरात आलेला एक दाढीवाला पोरगा. आवाज इतका मऊ, की कुणाच्या तरी घरी दुःखाला भेटायला आलाय आणि काय बोलावं हे त्याला सुचत नाही, असं वाटायचं.

जीपनं आम्हाला कासच्या पलीकडं सोडलं. फुलं नव्हती. ती पावसाळ्याच्या शेवटी असतात, आणि आम्ही आलो होतो पौषात. गाइड म्हणाला, "आता आपण फुलांची अनुपस्थिती अनुभवूया." ती आम्ही पोटभर अनुभवली. पुढं एका उंबराला मिठी मारायला सांगितलं. घड्याळवाल्यानं मारली. विहीणबाईंनी झाडाला लांबूनच नमस्कार केला आणि म्हणाल्या, "मुंग्या हायत."

मग मौन आलं. "आता आपण काही वेळ कुणाशीही न बोलता चालणार आहोत," गाइड म्हणाला. "पहिल्यांदा जड जाईल." आम्हा दोघींना अजिबात जड गेलं नाही. आमची लग्नापासूनची तयारी होती. शेवटी गाइडनं आमचं दोघींचं नाव घेऊन कौतुक केलं.

दुपारी एका घरी जेवण होतं. अस्सल ग्रामीण जेवण, असं त्यानं वाटेत दोनदा बजावलं होतं. ताटात पिठलं, भाकरी आणि मिरचीचा ठेचा आला. पुण्याच्या बाईंनी ताटाचा फोटो काढला. विहीणबाई माझ्याकडं झुकल्या. मठ्ठ्यानंतर त्यांनी आपणहून मला म्हटलेलं हे पहिलं वाक्य.

"हे खायाला हितवर आलो व्हय आपण?"

"भाकरी बरी हाय पण," मी म्हटलं.

"बरी हाय," त्यांनी मान्य केलं, आणि आणखी अर्धी मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी डोंगराच्या धारेवरून चालून पलीकडच्या वाडीत उतरायचं होतं. धारेवरून चालणं खरोखर छान होतं, हे लिहायला मला जड जातंय, पण होतं. खाली कोयनेचं पाणी, पलीकडं एकामागं एक निळे डोंगर, आणि वारा असा की कुणाचा सल्ला ऐकू येऊ नये. पोरांनी बुक केलेलं एवढं एकच वाया गेलं नाही, असा विचार करेपर्यंत उतार आला.

वाळलेलं पिवळंधमक गवत फोटोत सुंदर दिसतं. पायाखाली ते तेल लावल्यासारखं असतं. वाट गवतातून तिरकी खाली गेलेली, आणि तिच्या डाव्या अंगाला काहीच नव्हतं. पुण्याचं जोडपं काठ्या टेकत उतरून गेलं. विहीणबाई थोड्या खाली पोचल्या. माझे पाय मात्र थांबले. मी थांबवले नाहीत, ते आपलेआप थांबले. एक पाऊल टाकलं ते सटकलं, मी गवताची मूठ धरली, आणि मूठ गवतासकट हातात आली. मग मी उभीच राहिले. पोटऱ्या थरथरायला लागल्या.

गाइड वरच्या बाजूनं माझ्याजवळ आला. "काकू, श्वासाकडं लक्ष द्या. शरीरावर विश्वास ठेवा."

श्वास चालू होता. अडचण पायांची होती. आणि ज्या शरीरानं मला तिथं आणून उभं केलं त्याच्यावर मी विश्वास ठेवावा, हे जरा जास्तच मागणं होतं.

"मी इथंच राहते," मी म्हटलं. "तुमी जावा."

हे मी मनापासून म्हटलं होतं. खालून विहीणबाईंनी मान वळवून पाहिलं. मग त्या हातापायांवर पुन्हा वर चढल्या. साडीचा काष्टा मारलेला, चेहरा लालबुंद. माझ्या खाली दोन हात अंतरावर येऊन त्यांनी माझ्याकडं पाठ केली आणि फतकल मारून बसल्या.

"आवं, हुब्या काय ऱ्हाताय? बसा. बूड टेका."

मी बसले.

"आता पाय फुडं करा. माज्या खांद्यावर लावा, आन् सरका. मी म्होरं सरकती, तुमी मागनं या."

मी पाय आवळून घेतले. लेकीच्या लग्नात, भरल्या मांडवात, पाटावर बसवून मी याच बाईचे पाय धुतले होते. चांदीच्या ताम्हणात. पुसून कुंकू लावलं होतं. मुलाची आई ती. तिच्या खांद्यावर मुलीच्या आईनं बूट लावायचा?

"नको वो विहीणबाई. पाप लागंल."

"दरीत गेल्यावर काय लागतंय ते म्हाईत हाय का?" त्या मान न वळवता म्हणाल्या. "लावा. कोण बघतंय हितं?"

मी लावला. आधी एक, मग दुसरा. एवढा मोठा त्यांचा आवाज, पण खांदा पोरीसारखा बारीक. हाडं बुटालासुद्धा लागली. आणि मला तिथंच कळलं, की त्या थरथरतायत. माझ्याइतक्याच. विचारलं असतं तर मान्य केलं नसतं, म्हणून मी विचारलं नाही.

आम्ही सरकायला लागलो. हातभर पुढं, थांबायचं, पुन्हा हातभर. मधेच माझे पाय अडले. तशी त्यांनी एकदम विचारलं, "त्या मठ्ठ्यात काय घातलं हुतं वो तुमच्यात?"

"ताक," मी म्हटलं.

"ताक असलं नसतंय."

"आवं, तुमच्याच आत्याबाई येऊन लिंबं पिळून गेल्या त्यात! गोड झालाय म्हन्ल्या. आचारी नको नको म्हणत हुता."

"कुठल्या आत्याबाई?"

"जाडजूड, हिरव्या शालूतल्या."

विहीणबाई थांबल्या. "त्या व्हय," त्या म्हणाल्या. "मग बराबर. पर तुमी मला तवाच का न्हाई सांगितलं?"

"तुमी मला कुठं इचारलं? तुमी माज्या नणंदेला सांगत हुता."

"नणंदेला सांगू नको तर काय तुमाला तोंडावर सांगू? विहीण हाय मी, काय रीत हाय का न्हाई!"

मग आम्ही मठ्ठ्यावरून आहेराच्या साड्यांवर आलो, साड्यांवरून वरातीला झालेल्या उशिरावर. वरातीपाशी माझा आवाज चढला होता. त्यांचाही. बँडवाल्यांचा मुद्दा निघाला तेव्हा विहीणबाई उभ्या राहिल्या, कारण त्यांना हात करून बोलायचं होतं, आणि मग दोघींच्या लक्षात आलं, की उतार संपलाय आणि आपण सपाट रानात आहोत.

मागं गाइडही बुडावर सरकतच येत होता. पोरगा वाईट नव्हता. पूर्ण उतारभर त्यानं मागून माझ्या सॅकचा पट्टा घट्ट धरला होता, बोटांना वळ उठले होते. "काकू, काय सुंदर एनर्जी होती तुमच्या दोघींत," तो म्हणाला.

"पँट फाटली," विहीणबाई म्हणाल्या. ती साडीच्या आत होती, त्यामुळं अब्रू राहिली. माझीही फाटली होती, पण कुडता आखूड; माझी अब्रू गेली.

कोण बघत होतं, तर घड्याळवाला बघत होता. नुसता बघत नव्हता, फोनवर चित्रीकरण करत होता. ते त्यानं आमच्या गटावर टाकलं, गाइडनं पोरांना पाठवलं, पोरांनी भरल्या डोळ्यांच्या चिन्हांसकट दोन्हीकडच्या नातलगांत वाटलं. भांडणाचा आवाज वाऱ्यानं खाल्ला होता. दिसत एवढंच होतं, की दोन बायका हसल्यासारखी तोंडं करून घसरगुंडी खेळतायत. 'आईंचं बाँडिंग' असं लेकीनं खाली लिहिलं. माझ्या नवऱ्यानं ते टोळीच्या मुकादमालाही दाखवलं.

साताऱ्यात मात्र चर्चा झाली. विहीणबाईंच्या थोरल्या जाऊबाईंनी घरी येऊन विचारलं, म्हणे, की पोरीच्या आईचा पाय खांद्यावर घ्यायची ही कुठली नवी रीत काढली? हे मला विहीणबाईंनीच फोनवर सांगितलं.

"मग तुमी काय म्हन्ला?"

"काय म्हणणार? म्हन्लं, आक्का, तुमी कवा येताय डोंगरावर? तुमचाबी घेते. त्या उठून गेल्या. च्याबी पेल्या न्हाईत."

मी फोनवर इतकी हसले, की नवरा मळ्यातून आत बघायला आला.

आता आम्ही मैत्रिणी झालो, असं पोरं सगळ्यांना सांगतात. तसं काही झालेलं नाही. दिवाळीला मी पाठवलेल्या करंज्यांचं सारण कोरडं होतं, हे विहीणबाईंनी कळवलं. फरक इतकाच, की थेट मला कळवलं.

परवा त्या कडेगावला आल्या होत्या. दोन घास खाऊन झाल्यावर त्यांनी आपणहून विचारलं, "तुमच्यात डोंगर न्हाई का कुठं?" मी त्यांना सागरेश्वराकडं घेऊन गेले. गाइड नाही, मौन नाही, मिठी मारायला झाड नाही. हरणं बघायची म्हणून आम्ही हळूहळू टेकडी चढलो. हरणं काही दिसली नाहीत, आमच्या आवाजानं ती आधीच पसार झाली असावीत. वर गेल्यावर खाली सगळा ऊस दिसतो, मधे मधे तोडलेल्या रानांचे तांबडे चौकोन. विहीणबाई कमरेवर हात ठेवून ते बघत उभ्या राहिल्या.

"ह्याला डोंगर म्हंत्यात व्हय तुमच्यात?" त्या म्हणाल्या, आणि दगड झटकून माझ्यासाठी जागा केली.