ओट्यापाशी सँडल

चूक माझी होती. ती मी आधी डॉक्टरांच्या माथी मारली, मग बायकोच्या.

बायको घरी कडक भाकरी करून दुकानांना देते. सकाळपासून दुपारपर्यंत ओट्यापाशी उभी. मध्यंतरी तिची टाच धरली. झोपेतून उठून पहिलं पाऊल टाकताना भिंतीला हात लावायची. डॉक्टरांनी तिच्या पावलांचे साचे घेतले आणि त्यांवरून बुटात घालायचे इनसोल करून दिले. तळव्याच्या कमानीला खालून आधार मिळाला की टाचेवरचा ताण कमी होतो, असं त्यांनी समजावलं.

दोन महिन्यांत काही फरक पडला नाही. मी म्हणालो, "भाकरीचं काम बंद कर आता." ती पीठ मळत राहिली. गल्लीत मला भाकरीवाल्या बाईंचा नवरा म्हणून ओळखतात. ते काम सुटलं तर तिचं काय सुटेल, हे मला कळत होतं.

बंद करण्याआधी पुन्हा दाखवायला गेलो. आत शिरताच मी तक्रार केली, "इनसोलचा उपयोग नाही. नाहीतर ही नीट वापरत नसेल."

डॉक्टरांनी इनसोल काढून पाहिले. कुठेच दबलेले नव्हते. "घरात काय घालता?" त्यांनी तिला विचारलं.

"घरात काय घालणार? बूट दाराबाहेर, आन् मी भाकरीपाशी. गुण कुणाला यायचा, उंबऱ्याला?"

डॉक्टर हसले. मी खाली बघत राहिलो. इनसोल मिळाले त्या पहिल्या दिवशी ती बूट घालून ओट्याकडे निघाली होती. "अन्न शिजतं तिथं पायताण? आपल्यात चालत नाही," म्हणून मीच तिला अडवलं होतं. तेवढं सांगायचं धाडस माझं तिथं झालं नाही.

येताना तिच्यासाठी मागे पट्टा असलेले सँडल घेतले, इनसोल बसतील असे. फक्त घरात, ओट्यापाशी घालायचे. हळूहळू टाच सैल झाली. एका सकाळी ती भिंतीला हात न लावता मोरीकडे गेली. ज्याला ओट्यापाशी हे सँडल खटकतात त्याने आमच्याकडे पाणीसुद्धा पिऊ नये, असं मी ठरवून टाकलं.

मंगळवेढ्याहून माझी थोरली बहीण ज्वारी घेऊन आली आणि दारातच थबकली. "सैपाकघरात पायताण? देवाचं काय रे?"

"आक्का, ते हितंच राहणार. देवाला चालत नसंल तर त्यानं येऊन भाकरी थापावी."

"लई बोलायला लागलास की."

बायकोने थापणं थांबवलं नाही. "वन्सं, आता बोलतात. आधी ह्यांनीच अडवलं होतं मला."

आक्का माझ्याकडे बघू लागली. मी बायकोकडे वळलो.

"अडवलं. वर डॉक्टरांपुढे दोष तुझ्यावर ढकलला आणि गप्प बसलो. आक्कासमोर सांगतो, माझं चुकलं. मला माफ कर."