मिरच्या का मेल्या

आणि शिमग्याला आलो नाही म्हणून तुम्ही परत तेच लिहिलंत, दादा. पालखी दारात नाचली आणि धाकटा भाऊ मुंबईत बसला... गेल्या दोन कार्डांत तेच, या कार्डातही तेच. का बसलो ते एकदा तरी विचारायचं होतंत.

दिवाळीला ओटीवर सगळ्यांदेखत तुम्ही म्हणालात, "आधी मिरचीचं एक रोप जगवून दाखव, मग बायकोला मुंबईला ने." लोक हसले. ती दाराआड होती, तिनंही ऐकलं. लग्नाला दोन वर्षं झाली, त्यात आम्ही एका घरात किती दिवस होतो ते तुम्हीच आठवा.

म्हणून तर मुलुंडला रुळांच्या पलीकडे, मिठागराच्या अंगाला ही खोली घेतली. मागं दोन बाजल्यांएवढी मोकळी जागा आहे, एवढ्याचसाठी. माघात मिरचीची वीस रोपं लावली, भेंडीच्या दोन ओळी घातल्या. रोपं वीतभर झाली आणि शिमगा आला... मी गावाला आलो असतो तर पाणी कोण घालणार होतं? शेजारच्या खोलीतला आपल्या गावचा सदू? तो दारात विडी ओढत विचारायचा, "काय बागायतदार, मुंबईला कमवायला आलास की भेंडी लावायला?"

त्याच सदूनं तुम्हाला कळवलं की सगळं मेलं. आणि तुम्ही लगेच कार्ड टाकलंत, तुझ्या हाताला काही लागत नाही हे मी आधीच म्हणालो होतो.

मेलं हे खरं आहे. पण का मेलं ते ऐका. आणि हे पत्र मोठ्यानं वाचा, आत ऐकू जाऊ दे.

पानं पिवळी पडतात म्हणून मी विचारलं, तर तुम्हीच लिहिलंत, "माडाला घालतो तशी मासळी घाल." एवढंच. ताजी की सुकी, किती, कधी... एक अक्षर नाही. आपल्याकडे माडाला ताज्या तारल्या घालतात, ते तुम्हाला ठाऊक. मी चौथीत शाळा सोडली आणि मिसरूड फुटायच्या आत मुंबईच्या बोटीत बसलो, मला कोण सांगणार होतं?

इथं खाडीवरनं एक म्हातारी सुकी मासळी विकायला येते. तिच्या टोपलीच्या तळाचा चुरा मी सगळा घेतला आणि सगळा एकदम रोपांच्या मुळाशी घातला. एका रोपाला घालून बघावा हे सुचलं नाही. मला घाई... तेवढी चूक माझी, लिहून देतो.

चौथ्या दिवशी पानांच्या कडा करपल्या. आठव्या दिवशी मिरचीच्या जागी वीस काड्या उभ्या होत्या, आणि भेंडी तर आडवीच झाली. सदूनं बघितलं, विडी विझवली आणि आत गेला. ते जास्त लागलं.

म्हातारी पुन्हा आली तेव्हा तिच्यावरच ओरडलो, तुझ्या मासळीनं माझी वाट लावली म्हणून. तिनं टोपली उतरवली, खोलीमागं आली, चिमूटभर माती जिभेवर ठेवली आणि थुंकली.

"येरा का रं तू? खारवलेली मासली कोन झाराला घालतं? तू तं घरामागं मिठागर केलंस."

मी म्हटलं, मग आता काय करू? म्हणाली, "आता धू."

माती धू... मला वाटलं थट्टा करते. पण तिच्या घरचं भात खाडीलगतच्या खाऱ्या जमिनीत. खारं पाणी शेतात शिरलं की हे लोक त्यावर गोडं पाणी कोंडतात आणि मग बांध फोडून सोडून देतात, मीठ पाण्याबरोबर निघून जातं. तिनं टाचेनंच उताराकडे चर आखून दिला.

चाळीचा नळ अर्धा तास येतो, तिथं भाजीसाठी घागर लावली तर बायका मारतील. म्हणून कामाची पाळी सुरू व्हायच्या आधी देवळामागच्या विहिरीवरनं पाणी आणलं. रोज वीस घागरी, अकरा दिवस. तुम्ही म्हणता मी एका जागी टिकत नाही... अकरा दिवस मी एकाच चिखलावर पाणी ओतत होतो दादा, आणि त्यात एक काडीही लावलेली नव्हती.

मग म्हातारीनं माती पुन्हा चाखली. "आता माठ पेर, तो मिठाला भीत नाय. मिरची मागनं." बीही तिनंच आणून दिलं. वर विचारते, "घरात खानारं कोन हाय?" मी म्हटलं, मी एकटाच. "मंग कोनासाठी मरतंस एवरा?"

मला राग आला. पण तिचा नाही आला.

परवा पहिला माठ कापला. लाल, कोवळा, लसूण घालून परतला. एक वाटी सदूलाही दिली. खाऊन म्हणतो, "हे पण कळवू का तुझ्या दादाला?" मी म्हटलं, राहू दे रे, मीच कळवतो.

तर कळवतो. मिरचीची नवी सहा रोपं लावली आहेत. चार-चार पानांवर आहेत, फूल नाही, जगतील की नाही ठाऊक नाही. तुमची अट पुरी झालेली नाही, खोटं कशाला लिहू? पण अट घालणारे तुम्ही आणि मासळी घाल म्हणणारेही तुम्हीच... आता मी कुणाला रोपं दाखवणार नाही.

पावसासाठी बोटी बंद व्हायच्या आत वाडीतला बाबल्या मुंबईला यायचा आहे. त्याची आईही येते आहे, त्या दोघांच्या सोबतीनं माझ्या बायकोला बोटीत बसवून द्या. मी धक्क्यावर उभा असेन.

बोटीचं भाडं, बोटीपर्यंतच्या पडावाचं भाडं आणि वाटेतला चहा धरून आज मनिऑर्डर केली आहे. येण्याचं धरलं आहे, परतीचं धरलेलं नाही. रुपये अकरा.