सध्याचा सेटर

व्हॉलीबॉलमध्ये नाव होतं स्मॅश मारणाऱ्याचं. त्याच्या हाताशी बॉल आणून देणारा जो सेटर असतो, तो पंक्तीतल्या वाढप्यासारखा. आमटी पोचली नाही तरच लोक त्याच्याकडे बघतात. हे ज्ञान मला लग्नानंतर झालं, कारण माझा नवरा स्मॅश मारणाऱ्यांपैकी आहे आणि घरातही त्याला सगळं हाताशी आणून द्यावं लागतं.

नवऱ्याचं नाव जयप्रकाश. इथे आखातात, रुसैलच्या एका कारखान्यात मेन्टेनन्स इंजिनियर, वय चव्वेचाळीस, मिशीला कलप आणि गुडघ्याला पट्टा. पट्टा ट्रॅकपँटच्या आत असतो, त्यामुळे तो नाही असं आम्ही सगळ्यांनी समजायचं. शुक्रवारी संध्याकाळी बौशरच्या आमच्या घरातून निघायचं आणि गाला नावाच्या भागातल्या एका गॅरेजच्या मागे, मोकळ्या जागेत खेळायचं, हा त्याचा हिवाळ्यातला नेम. मी सोबत जाते. खेळ कळतो म्हणून नाही, माणसं बघायला मिळतात म्हणून.

टीमचे मालक, कॅप्टन, कोच आणि नेटचे खांब रोवणारे असे सगळे मिळून एकच गृहस्थ, हुसैनमियाँ. मूळचे रत्नागिरीकडचे, गाड्यांच्या स्पेअर पार्ट्सचं दुकान चालवतात. खेळायचं थांबून त्यांना जमाना झाला, बोलायचं थांबलेले नाहीत. टीम अर्धी त्यांच्या कोकणातल्या मंडळींची आणि अर्धी आमची, म्हणजे भीमजयंतीला एकत्र जमणाऱ्या इंजिनियर आणि ऑफिसवाल्यांची. धर्मावरून या टीमचं कधी वाजलं नाही. जे वाजलं ते सगळं सर्व्हिस कोणी घालवली यावरून.

सेटर होता अरहम. हुसैनमियाँच्या बायकोचा, कुलसुमभाभींचा, सख्खा भाचा. सहा फूट उंच, केस सतत मागे सारणारा. थंडी सुरू होता होता तो लग्नासाठी गावी गेला आणि मग सुट्टी वाढवतच राहिला. नव्या नवऱ्याला घाई कोण करणार?

तेव्हा जयप्रकाशने आपल्या कारखान्यातल्या क्वालिटी विभागातला एक पोरगा धरून आणला. प्रफुल्ल मेश्राम, भंडाऱ्याकडचा. रुसैलमध्ये कंपनीच्या खोलीवर राहणारा, बुटका, कान जरा जास्तच मोठे. मला बघितल्याबरोबर "जय भीम, ताई" म्हणाला. हुसैनमियाँनी त्याला वरून खाली बघितलं. त्यात फार वेळ गेला नाही.

"ह्याच्या आधी खंय खेळलास?"

"कॉलेजच्या टीममध्ये होतो जी. तीन वर्षं. बाकावर."

हुसैनमियाँ आमच्याकडे वळले आणि म्हणाले, "बरा. अरहम येईपर्यंत सध्या हाच."

हे "सध्या" त्या पोराला चिकटलं ते असं चिकटलं की विचारू नका. गालामधल्या स्पर्धेसाठी टीमची नावं द्यायची होती. नावं लिहून घेणारा मल्याळी गृहस्थ फोनवर, इकडे हुसैनमियाँ गिऱ्हाइकाशी ब्रेकपॅडवरून घासाघीस करत. "सेटर कौन?" असं त्याने विचारलं, तर यांच्या तोंडून मराठीच निघालं, "सध्या..." आणि पुढचं नाव त्यांना आठवेना. पलीकडचा गृहस्थ खूष झाला. त्यांच्याकडे सद्या म्हणजे केळीच्या पानावरची मोठी मेजवानी. असं नाव त्याने माणसाचं कधी ऐकलं नव्हतं, पण महाराष्ट्रातली माणसं काहीही नाव ठेवू शकतात असा त्याचा समज असावा. जर्सी छापून आली तेव्हा सगळ्यांच्या पाठीवर आपापली नावं होती आणि प्रफुल्लच्या पाठीवर ठळक इंग्रजी अक्षरांत सध्या.

आम्ही पोट धरून हसलो. प्रफुल्लही हसला. मग जर्सी नीट घडी करून पिशवीत ठेवताना त्याने पाठीची बाजू आत घेतली, ते मी बघितलं. मला वाईट वाटलं. हसण्यात मीच पुढे होते, हेही खरं.

त्या दिवशी त्याला रुसैलला सोडायला जाताना मी विचारलं, "राग आला का रे?"

"नाही जी ताई. खरंच तर आहे. अरहमभाई आले का मी बाकावर." मग म्हणाला, "फक्त एकदा मॅच सुरू होताना आत असावं वाटते. कोणी नाही म्हणून घेतलं तसं नाही. मी पाहिजे म्हणून."

जयप्रकाश गाडी चालवत होता. तो एसी कमी करण्यात गुंतला होता, निदान तसं दाखवत होता.

आणि मग एक चमत्कार झाला. माझा नवरा तरुण झाला. गेली दोन वर्षं ज्याचे निम्मे स्मॅश नेटमध्ये अडकायचे आणि मग नेट ढिलं आहे, जमीन घसरते, सूर्य डोळ्यात येतो अशी कारणं निघायची, तोच जयप्रकाश दणादण बॉल पाडायला लागला. सूर्य तिथेच होता. घरी येऊन आरशासमोर हात फिरवून बघायचा. एकदा मला म्हणाला, "रश्मी, माणसाने व्यायाम सोडू नये." हा माणूस लिफ्ट बंद असेल तर भाजी आणायला जात नाही.

मी बसते ती जागा नेटच्या अगदी रेषेत आहे. पलीकडे गॅरेजची भिंत, तिच्यावर टायरची जाहिरात रंगवलेली. अरहम बॉल उचलायचा तो त्या अक्षरांच्या वर जायचा, पार छपराच्या पत्र्यापर्यंत. प्रफुल्ल उचलायचा तो अक्षरांच्या मधोमध. पहिल्यांदा मला वाटलं, बुटका आहे, पोचत नसेल. मग बघितलं तर ओवेस नावाच्या दुसऱ्या पोराला, जो पंचविशीतला आहे, तो पत्र्यापर्यंतच बॉल देत होता. खाली यायचा तो फक्त जयप्रकाशला. जयप्रकाश दर वेळी ओरडायचा, "उंच दे, अजून उंच!" प्रफुल्ल दर वेळी म्हणायचा, "हो सर," आणि दर वेळी तितकाच खाली द्यायचा. चव्वेचाळिसाव्या वर्षी उडी जिथपर्यंत जाते, बरोब्बर तिथे.

मी त्याला चहाच्या वेळी बाजूला घेतलं. "तू सरांना खाली देतोस."

त्याचे कान लाल झाले. "सरले नका सांगू जी ताई."

मी कशाला सांगते? मला माझा नवरा असा आवडत होता. शनिवारी सकाळी शिट्टी वाजवत चहा करणारा नवरा मी लग्नानंतर पहिल्यांदाच बघत होते.

अडचण एवढीच की प्रफुल्लची सगळी करामत अशी होती जी कोणाला सांगता येत नव्हती. सांगितली की संपली. त्यामुळे टीममध्ये सगळ्यांचं मत असं झालं की जयप्रकाश फॉर्मात आहे आणि पोरगा चालून जातो.

स्पर्धेच्या सेमीफायनलच्या आठवड्यात अरहम परतला. गोरा होऊन, थोडा सुटून, हातावर फिकी झालेली मेंदी घेऊन. हुसैनमियाँची झोप उडाली. घरी कुलसुमभाभी, दारात अरहम आणि समोर गालाची मल्याळी टीम, जी आजवर आमच्याकडून एकदाही हरलेली नव्हती. प्रफुल्लने विचारलं, मी येऊ का? ते म्हणाले, इन्शाल्ला. अरहमने विचारलं, मीच आहे ना? त्यालाही इन्शाल्ला. आता या शब्दाचा अर्थ हो, नाही आणि मला विचारू नको असा तिन्ही होतो, हे इथे राहणारं शेंबडं पोरही जाणतं. तरी दोघांनी तो हो असाच धरला.

परिणाम असा की शिट्टी वाजली तेव्हा आमच्या बाजूला सहाच्या जागी सात जण उभे. पंचांनी मोजले. पुन्हा मोजले. मल्याळी कॅप्टन हसत हिंदीत म्हणाला, "भाईसाब, सद्या है, लेकिन केले का पत्ता एक ज्यादा बिछाया." सगळे हुसैनमियाँकडे बघायला लागले. हुसैनमियाँ कुलसुमभाभींकडे बघायला लागले. भाभी माझ्या शेजारी खुर्चीत थर्मास मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि दूर कुठेतरी बघत होत्या.

"प्रफुल्ल, तू जरा बस," हुसैनमियाँ म्हणाले.

तो बाहेर आला. माझ्या खुर्चीजवळ जमिनीवर बसला. पाठीवरचं नाव झाकेल अशी त्याने खुर्चीला पाठ टेकवली आणि मला इतका संताप आला की मी हुसैनमियाँना चार शब्द सुनवायला उठलेही. मग बसले. काय सांगणार होते? हा पोरगा पाहिजे, कारण माझ्या नवऱ्याची उडी संपली आहे? भर मैदानात?

पहिला सेट सुरू झाला. अरहमने बॉल उचलला तो थेट पत्र्यापर्यंत, देखणा, जसा जयप्रकाश मागायचा तसाच. जयप्रकाशने उडी मारली. बॉल वर होता, जयप्रकाश खाली होता आणि ते दोघे भेटलेच नाहीत. दुसरा नेटमध्ये. तिसरा हाताच्या काठाला लागून गॅरेजच्या आत. सेट संपला तेव्हा फरक इतका होता की आमच्या लोकांनी गुणांच्या फळ्याकडे पाठ फिरवली.

मधल्या वेळेत ओवेस म्हणाला, "चाचा, प्रफुल्लला आत घ्या."

"अरे, पण त्याच्यात जास्त काय आहे, ते कोणी तरी सांगा मला," हुसैनमियाँ कावले. "उंची नाही, ताकद नाही. अरहमचा बॉल बघा कसा जातोय. काय करतो हा पोर, जे अरहम करीत नाही?"

अरहम घाम पुसत उभा. प्रफुल्ल खाली मातीत बोटाने रेघा मारत होता. मी पाण्याची बाटली घट्ट धरून बसले होते.

"मी सांगतो," जयप्रकाश म्हणाला.

तो नेटपाशी गेला. एक हात वर केला, अरहमचा बॉल जातो तिथे. "हे मला होत नाही आता." मग हात चांगला वीतभर खाली आणला. "हे होतं. हा पोरगा मला इथे देतो. मी उंच दे म्हणून ओरडतो, तो हो सर म्हणतो आणि इथेच देतो. पहिल्या दिवसापासून. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं." आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "आवडत होतं, म्हणून बोललो नाही."

मी त्याच्या मिशीकडे बघत राहिले. शनिवारची ती शिट्टी, आरशासमोरचं ते हात फिरवणं, सगळं त्याला ठाऊक असून. मला हसूही आलं आणि डोळे भरूनही आले, आणि दोन्ही एकदम झालं की नाक वाहतं, त्यामुळे मी ओढणी शोधायला लागले.

हुसैनमियाँ पुन्हा आपल्या बायकोकडे बघत होते. कुलसुमभाभींनी थर्मासचं झाकण फिरवलं, एक रिकामा कप पुढे धरला आणि भाच्याला हाक मारली. "अरहम, ये रे. चाय निवतेय."

थर्मासमधला चहा निवत नसतो, हे तिथे सगळ्यांना माहीत होतं. अरहमलाही. तो आला आणि बसला. प्रफुल्ल उठला, पँटची माती झटकली आणि आत गेला.

आता कोणाला वाटेल की मग आम्ही जिंकलो. जयप्रकाशने जो हात वर-खाली करून दाखवला होता तो मल्याळ्यांनीही बघितला होता, आणि हाताला भाषा लागत नाही. पहिलाच खालचा बॉल आला तेव्हा पलीकडून दोन उंच माणसं बरोबर तिथेच हात उभारून तयार. आपटला तो बॉल आमच्याच बाजूला. पुढच्या वेळी प्रफुल्लने जयप्रकाशकडे बघितलं, जयप्रकाशने उडी मारली, ती दोन माणसंही उडाली, आणि बॉल डोक्यामागून ओवेसकडे गेला. समोर कोणीच नव्हतं. असं तो सेटभर करत राहिला. जयप्रकाश खोट्या उड्या मारून मारून लाल झाला. दुसरा सेट आम्ही घेतला, तिसरा दोन पॉइंटांनी गेला. मल्याळी कॅप्टनने येऊन प्रफुल्लचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

हुसैनमियाँ जवळ आले. प्रफुल्लला म्हणाले, "पुढल्या शुक्रवारी कोणाला कुठे उभा करू? तूच सांग. आता तुलाच खेळवायचेत हे सगळे."

प्रफुल्लने एकदा सगळ्यांकडे बघितलं. आमच्या या खेळात जागा फिरत नाहीत. पुढचा तो पुढे, मागचा तो मागे, आणि मागे म्हणजे स्मॅश नाही, नुसते दुसऱ्यांचे बॉल उचलायचे.

"पुढे ओवेसभाई," तो म्हणाला. "आणि अरहमभाई. त्यांची उंची तिथं कामाची आहे." मग त्याचे कान लाल झाले, पण आवाज हलला नाही. "सर मागे."

मी उभीच राहिले. ज्या माणसाने आत्ता तुझ्यासाठी भर मैदानात आपलं वय सांगितलं, त्याला मागे? बोलणार होते. पण जयप्रकाशने माझ्याकडे बघून मान हलवली, गप्प राहा अशी. तो खाली वाकून बुटाची लेस बांधत होता, जी बांधलेलीच होती.

"मागे कुठे?" त्याने विचारलं. "डावीकडे की उजवीकडे?"

"डावीकडे, सर."