एका बाहीचा राजा

सित्रा बेटावरच्या माझ्या ऑफिसात फोन वाजला आणि सुधाकरच्या दुकानातला भागीदार म्हणाला, "भाईसाब, मास्टर खलास." डब्यातली साखर संपल्यासारखं. मी त्याच्यावर ओरडलो. जणू मास्टर जिवंत असताना मी त्याला फार मानाने वागवत होतो...

सुधाकर मालवणकडचा, हिद्द गावात शिंपी, म्हणून सगळ्यांचा मास्टर. मी ड्राफ्ट्समन. कलाशाळेत दोन वर्षं काढलेली, तेवढ्या भांडवलावर बहरीनमधल्या समस्त मराठी जनतेला चित्रकला शिकवण्याचा मक्ता मी घेतला होता. आखाती युद्ध संपल्यावर एक इंग्रज इंजिनिअर बिऱ्हाड आवरून मायदेशी गेला. त्याचे पडदे सुधाकरने शिवलेले, म्हणून जाताना त्याने त्याला एक खोकं दिलं. त्यात शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची छापील चित्रं होती. विलायती नट, राजाच्या नाहीतर दरोडेखोराच्या वेशात, एक पाय पुढे टाकून तलवार उपसलेले. काय बारीक रेषा! असला ऐवज शिंप्याच्या हाती पडावा याचा मला रागच आला. खोटं कशाला बोलू, हेवा वाटला.

दोन आठवड्यांनी पाहतो तर त्याने त्यांच्या चिलखतांवर टिकल्या चिकटवलेल्या. अरबी लग्नाच्या झग्यांतून उरलेली जर, लाल मखमलीचे झगे, सगळं मैद्याच्या खळीने. त्याची आई गावी देवांच्या तसबिरी अशाच सजवायची म्हणे.

"अरे, काय वाटोळं केलंस हे!"

"वाटोळा कसला? ह्या राजाची बाही बघा. शिंप्यान माप घेतल्यानच नाय. मी नीट करतंय."

"ते चित्र आहे सुधाकर, गिऱ्हाईक नाही."

"तुमका रेघो मारूक येतत. कापडातला काय कळतला?" तो हसून म्हणाला. त्याच्या हसण्याने मी आणखी पेटलो.

त्या वर्षी त्याची बायको आणि मुलगी पहिल्यांदाच व्हिजिट व्हिसावर आल्या होत्या. तिथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात चित्रप्रदर्शन असायचं आणि कुठली चित्रं लावायची ते मी ठरवायचो. मुलीने आपलं काम भिंतीवर पाहावं, खाली आपलं नाव वाचावं, एवढंच त्याला हवं होतं. मी भर हॉलमध्ये म्हणालो, "ही लग्नाच्या मांडवात लाव." दोघे-तिघे हसले. त्याने चित्रं गोळा केली. त्या जागेवर मी माझं खजुराच्या झाडाचं जलरंगातलं चित्र लावलं. तेही भिकारच होतं. संध्याकाळी मुलीने भिंतीवरून नजर फिरवत विचारलं, "बाबा, तुमचा खंय आसा?" तो म्हणाला, "फुडच्या वर्षी, इंशाल्ला."

पुढचं वर्ष यायच्या आत त्याचं हृदय थांबलं. पार्थिव गावी गेलं, सामान आवरायला मी गेलो. खोकं घेऊन ऑफिसातल्या एका वयस्कर इंग्रज बाईंना दाखवलं. त्या हळहळतील, म्हणजे माझं म्हणणं निदान मागाहून तरी खरं ठरेल, अशी माझी हलकट आशा. बाई हरखल्याच. म्हणाल्या, ही चित्रं याचसाठी विकली जायची. नाटकवेडी साधी माणसं कोरं चित्र घरी नेऊन आपल्या लाडक्या नटाला बेगड, रेशीम, मखमल चिकटवत बसायची. तुमच्या मित्राला हे कुणी शिकवलं?

मी म्हणालो, "मीच सांगितलं होतं." इतका मी नीच.

सजवलेली सगळी चित्रं मी मुलीकडे धाडली. अजूनही ती मला भडकच वाटतात, पण त्याला आता काय अर्थ आहे... एक मात्र ठेवून घेतलं. तो बाहीवाला राजा. त्याची डावी बाही हिरव्या जरीची, उजवी नुसती छापील. मी वाटोळं म्हणून ओरडलो त्या दिवशी काम तसंच राहिलं. उजव्या बाहीचा तुकडा बेतून, कापून, टाचणीने मागे लावलेला होता.

गेल्या शुक्रवारी मी खळ शिजवली आणि तो तुकडा लावायला बसलो. केसाइतकी रेघ न चुकवणारा माझा हात. तीनदा लावला, तिन्ही वेळा बाही वाकडीच बसली.