संप गळतोय

गुंडोराव तोंडाने गोड आणि कामात चालढकल करणारे. तंजावरचे मराठी, शाळेतल्या कारकुनीतून निवृत्त होऊन मडिपाक्कमला स्वतःच्या घरात राहणारे. त्यांची मराठी इतकी जुनी की वरच्या मजल्यावरचा अनय सुरुवातीला नुसता तोंडाकडे बघत बसायचा. अनय सांगलीचा, सिरुसेरीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत कामाला. नुकतंच लग्न झालेलं, बायको स्वरदा.

पहिल्याच आठवड्यात गुंडोराव जिन्याखालून ओरडले, "अनय, आज संप भरणार!" बिचारा अनय धावत खाली आला. "कसला संप, काका? कोणी पुकारला? ऑफिसला जाऊ की नको?" गुंडोराव पोट धरधरून हसले. अंगणातलं लोखंडी झाकण उचलून त्यांनी जमिनीखालची पाण्याची टाकी दाखवली. "हा संप, पा! तुझा तो सांगलीचा संप इथे चालेना. मदरासांत संप म्हणजे हाच." अनयने तो शब्द पाठ करून टाकला. नव्या माणसाने दुसरं काय करायचं?

मग दोन हजार चारचा उन्हाळा आला. नळ कोरडे. आठवड्यातून दोनदा लॉरी यायची, संपात पाणी ओतायची, त्यावर दोन बिऱ्हाडांचं भागायचं. स्वरदाला आठवा महिना. तिची आई महिनाअखेरीस सांगलीहून येणार होती. तोवर या परक्या गावात त्या दोघांना होतं कोण? गुंडोराव आणि विजयलक्ष्मीकाकूच. गुंडोरावांनी शब्दच दिला होता, "वेळ आली की ऑटो शोधत फिरू नको. माझी गाडी आहे. चावी इथे जिन्यातल्या खिळ्याला."

गाडी म्हणजे जुनी फियाट. खणून ठेवलेल्या रस्त्यावर एक दगड तिच्या पोटाला लागला आणि इंजिनाखालचं तेलाचं भांडं चिरलं. आता त्या भांड्यालाही मेकॅनिक संपच म्हणतात, आणि मेकॅनिकच्या तोंडून ऐकून ऐकून गुंडोरावही म्हणायचे. मेकॅनिकने बजावलं, खोलून वेल्डिंग करून घ्या. पण आज उद्या, आज उद्या! चिरेत अंगाचा साबण चेपून बसवायचा आणि रोज सकाळी गाडीखाली वर्तमानपत्र पसरून किती ठिपके पडले ते बघायचं, हाच त्यांचा इलाज. तीन आठवडे हा खेळ चालला. पाच ठिपके पडले की म्हणायचे, "कमी होतेय." अहो, तेल आहे ते, ताप नव्हे!

त्या रविवारी चुलतीच्या तेराव्याला तंजावरला निघायचं होतं. ऑटो दारात उभी. चावी खिळ्याला. निघता निघता वाकून पाहिलं तर वर्तमानपत्रावर ताटाएवढा काळा डाग. विजयलक्ष्मीकाकू ऑटोतून हाका मारत होत्या. "वाटेत फोन करतों," म्हणून तेही बसले.

तांबरमच्या बसस्टँडवरून त्यांनी फोन केला. आजूबाजूला कंडक्टरांचा कल्लोळ, कानात बोट घालून ते ओरडले, "अनय! संप गळतोय! मी येईपर्यंत वापरू नका. कळलं?"

"कळलं, काका. अजिबात वापरत नाही," अनय म्हणाला.

पोरगा किती समजूतदार, असं काकूंना सांगून गुंडोराव निर्धास्त झोपले ते विलुप्पुरमपर्यंत.

बुधवारी सकाळी तंजावरला अनयचा फोन आला. स्वरदाला रात्रीच अवेळी कळा लागल्या होत्या. अनयने तिला फियाटमध्ये घातलं. वेळच्चेरीच्या तळ्यापाशी इंजिनाने एकच खडखडाट केला आणि गाडी जागीच थिजली. लाल दिवा लागला होता म्हणे, पण बायको शेजारी कण्हत असताना दिव्याकडे कोण बघतं? ऑटो मिळायला अर्धा तास गेला. मुलगी झाली. काचेच्या पेटीत ठेवलीय, डॉक्टर काही सांगत नाहीत.

परतीच्या बसमध्ये सहा तास गुंडोराव धुमसत होते. "ओरडून सांगितलों नव्हे मी? शिकलेला मुलगा हा! कानांत काय बोळे घातलेला?" काकू देवाचं नाव घेत राहिल्या. खरं सांगायचं तर गुंडोरावांना राग हवाच होता. राग गेला असता तर साबणाची चीर आठवली असती.

हॉस्पिटलात स्वरदा भिंतीकडे तोंड करून पडली होती. अनय शेजारी स्टुलावर, तीन दिवसांची दाढी. गुंडोरावांनी पाहिलं आणि तोंड सुटलंच. "संप गळतोय, वापरू नका म्हटलों ना तुला? का वापरलास?"

अनय गोंधळून बघत राहिला. "नाही वापरला, काका. शप्पथ. तुमचा फोन आल्यापासून एक थेंबसुद्धा काढला नाही. तीनदा झाकण उघडून बघितलं, कुठे गळतंय ते मला दिसेना. पण तुम्ही म्हणालात म्हणून हात लावला नाही."

गुंडोराव म्हणाले, "गाडीचा संप, बाळा. तेलाचा. मी गाडीचं सांगत होतों."

अनयने दोन्ही हातांनी डोकं धरलं. काकूंनी पदर तोंडाला लावला.

स्वरदाने हळूच मान वळवली. तिच्या डाव्या तळहातावर, जिथे घागरीचा काठ रुततो तिथे, लाल वळ होता.

"म्हणजे टाकी चांगली होती?" तिने विचारलं. "हा ऑफिसला गेला की मी गल्लीच्या टोकाला सरकारी पाण्याच्या लॉरीवर जात होते, काका. दोन दिवस. दहा-दहा घागरी वर चढवल्या. टाकीतलं पाणी घेतलं असतं तरी चाललं असतं?"

गुंडोराव तिच्या हाताकडे बघत उभे राहिले. घराच्या जिन्याला सतराच पायऱ्या, पण त्यांनी त्या मनातल्या मनात एकेक मोजल्या.

"हो," ते म्हणाले. "चाललं असतं."